‘उद्या सहाला औषध मारतोय’: मधपेट्यांची बातमी फोनवरून वेळेत पोचवायची कशी

तीन वर्षांपूर्वीचा आंबे बहार, म्हणजे डाळिंबाचा उन्हाळ्याच्या तोंडचा फुलोरा. सांगोला तालुक्यात एका डाळिंब बागेच्या बांधावर माझ्या २२ पेट्या होत्या. सकाळी साडेदहाला गेलो तर पेट्यांपुढं माश्यांचा सडा पडलेला. मेलेल्या माश्यांच्या सोंडा बाहेर आलेल्या, काही जिवंत होत्या त्या उताण्या पडून जागच्या जागी गरगर फिरत होत्या. शेजारच्या बागेत फुलकिड्यांसाठी सकाळीच ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरचा फवारणी पंप, फिरला होता. मी तावातावानं बागवाल्याकडं गेलो. त्यानं शांतपणे फोन पुढं केला. “आण्णा, मी काल रात्रीच ग्रुपवर टाकलं होतं की.”

खरंच टाकलं होतं. रात्री ९:४० ला, ‘उद्या सहाला औषध मारतोय’. त्याच्या वर गुलाबाच्या गुच्छात ‘शुभ रात्री’, खाली ‘जुना ट्रॅक्टर देणे आहे’, आणि त्याखाली कुणाच्या तरी वाढदिवसाचे साठ-सत्तर केक. मी निरोप पाहिलाच नाही. पाहिला असता तरी सकाळचे सहा की संध्याकाळचे, कोणती बाग, कोणतं औषध, यातलं काहीच त्यात नव्हतं. त्या हंगामात माझ्या ११ वसाहती, म्हणजे ११ पेट्यांतल्या माश्या, गेल्या. बागवाल्याला दोष देऊन उपयोग नव्हता. त्यानं त्याच्या परीनं कळवलं होतं, आम्हालाच कळवण्याची रीत घालून घेता आली नव्हती.

ती रीत आम्ही नंतर चुकत-माकत बसवली. मधपेट्या ठेवणाऱ्यांनी आणि बागवाल्यांनी आपापल्या भागात ती तशीच उचलावी, म्हणून तपशिलात लिहितो.

आधी कागदावर वर्तुळ, मग फोनवर ग्रुप

बहुतेक जण आधी ग्रुप काढतात आणि मग दिसेल त्याला आत घेतात. उलट करा. आधी पेट्यांची जागा पक्की करा. गुगल मॅपवर त्या जागेवर बोट दाबून धरलं की खूण पडते आणि तिथून अंतर मोजता येतं. पेटीत पाळायची परदेशी मेलिफेरा माशी चाऱ्यासाठी सहज दोन-तीन किलोमीटर जाते. आपली देशी सातेरी माशी साधारण एक-दीड किलोमीटरच्या आत फिरते. तीन किलोमीटरचं वर्तुळ म्हणजे सुमारे २८ चौरस किलोमीटर, एकरात सांगायचं तर जवळजवळ सात हजार एकर. एवढ्या रानातल्या प्रत्येक खातेदाराचा नंबर गोळा करायला गेलात तर बहार संपून जाईल.

म्हणून पहिल्या किलोमीटरमधले सगळे बागवाले घ्या, एकही सोडू नका. त्यापलीकडं सगळ्यांना शोधण्यापेक्षा ज्यांना सगळ्यांचं ठाऊक असतं अशी माणसं धरा. आमच्याकडं अशी दोन निघाली. एक ब्लोअरवाला. भाड्यानं फवारणी करून देणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याच्या वहीत पुढच्या चार दिवसांचे सगळे नंबर लागलेले असतात. दुसरा कृषी सेवा केंद्राचा मालक. कुणी कोणती बाटली नेली हे त्याला आदल्या संध्याकाळीच कळतं. ही दोन माणसं ग्रुपमध्ये नसतील तर बाकी शंभर असून उपयोग नाही, असं माझं मत झालंय. ब्लोअरवाल्याला दर हंगामात मधाची एक बाटली पोचते. त्याला लाच म्हणा, नाहीतर शेजारधर्म म्हणा.

याशिवाय वर्तुळातले दुसरे मधपाळ. सूर्यफूल किंवा डाळिंबाच्या हंगामात ट्रकनं पेट्या घेऊन बाहेरून येणारे असतात. त्यांना बऱ्याचदा गावात कुणीच ओळखत नाही आणि फवारणीची पहिली झळ त्यांनाच बसते. पेट्या उतरताना दिसल्या की जाऊन नंबर घ्या. चहा पाजलात तर पुढच्या वर्षी ते आधी फोन करून येतील.

दोन ग्रुप करा, एक नको

आमची पहिली चूक म्हणजे सगळं एकाच ठिकाणी. गप्पा, मधाचे भाव, श्रद्धांजली, पेटी विकणे, फवारणी, सगळी खिचडी. आता दोन आहेत. एक गप्पांचा, तिथं कुणीही काहीही टाकावं. दुसरा ‘पेट्या-फवारणी सूचना’. तिथं फक्त तिघांना लिहिता येतं, बाकीचे वाचतात. व्हॉट्सॲपच्या ग्रुप सेटिंगमध्ये फक्त ॲडमिननी संदेश पाठवायचे अशी सोय आहे, ती चालू करा.

मग बागवाल्यानं कळवायचं कुठं? या तिघांपैकी कुणालाही थेट फोन करायचा किंवा बोलून निरोप टाकायचा. ट्रॅक्टरवर बसलेला माणूस टाइप करत बसत नाही, तो बोलतो. त्याचं बोलणं ऐकून तिघांपैकी एकजण ते नीट लिहितो आणि सूचनेच्या ग्रुपवर टाकतो. हे मधलं पाऊल वेळखाऊ वाटतं, पण अर्धवट निरोप तिथंच अडतो. “कुठली बाग हो तात्या, ओढ्याच्या अलीकडची का पलीकडची?” हा प्रश्न तिथंच विचारून होतो.

सूचनेच्या ग्रुपला प्रत्येकानं वेगळी रिंगटोन लावावी. हे छोटं काम आम्ही एका बैठकीत सगळ्यांचे फोन हातात घेऊन स्वतः केलं, कारण नुसतं सांगून कुणी करत नाही. आमच्याकडं ती टोन सायकलच्या घंटीची आहे. रात्री नऊला घंटी वाजली की घरातली मंडळीसुद्धा म्हणतात, “बघा, कुणीतरी औषध मारतंय.”

साधा फोन वापरणारे पाच-सहा म्हातारे बागवाले आहेत. त्यांची नावं कागदावर लिहून प्रत्येकाला एकेक माणूस नेमून दिला आहे. त्यांना फोनच करायचा.

आणि एक खास सोलापुरी अडचण. आपल्या जिल्ह्यात मोहोळ नावाचा तालुकाच आहे. ‘मोहोळला मोहोळ बसलंय’ असा निरोप आला की हसू येतं खरं, पण सहा महिन्यांनी जुना निरोप शोधायला गेलात तर शंभर ‘मोहोळ’ निघतात. म्हणून आमचा नियम असा की माश्यांसाठी ‘पोळं’ आणि गावासाठी ‘मोहोळ तालुका’.

निरोप कसा असावा

माझ्या ११ वसाहती ज्या निरोपाखाली गेल्या तोच घ्या: ‘उद्या सहाला औषध मारतोय’. यात ‘उद्या’ हा सगळ्यात धोक्याचा शब्द. रात्री पावणेबाराला टाकलेला निरोप कुणी सकाळी वाचतो, कुणी दुपारी पुढं ढकलतो, आणि उद्याचा परवा होतो. वार आणि तारीख दोन्ही लिहा. सहा म्हणजे सकाळ की संध्याकाळ ते लिहा. आता आमचा निरोप असा जातो:

‘फवारणी. मंगळवार, १८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३० नंतर. ओढ्यापलीकडची तीन एकर डाळिंब, कळी नि फूल चालू. औषध स्पिनोसॅड, ब्लोअरनं. दक्षिणेकडच्या पेट्यांनी लक्ष द्या. काही अडचण असेल तर पाचच्या आत फोन करा.’

औषधाचं नाव लिहिताना दुकानातलं नाव लिहू नका. एकच औषध दहा कंपन्यांच्या दहा नावांनी मिळतं. बाटलीवर बारीक अक्षरांत तांत्रिक नाव असतं, ते लिहा. जमत नसेल तर बाटलीच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा फोटो टाका. नावात काय आहे ते माशीला विचारा. स्पिनोसॅड ओलं असेपर्यंत जहाल, पण वाळल्यावर त्याचा विखार बराच उतरतो. म्हणून ते सूर्य मावळल्यावर मारलं तर रात्रीतून वाळतं आणि सकाळी माशी बऱ्यापैकी सुखरूप फिरते. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांची गोष्ट वेगळी. ही झाडाच्या अंगात भिनतात आणि फुलातल्या मकरंदात, परागात उतरतात. युरोपीय संघानं २०१८ मध्ये या दोन्ही आणि क्लोथियानिडिन अशा तीन औषधांचा उघड्यावरच्या पिकांवरचा वापर बंद केला, तो मधमाश्यांसाठीच.

अजून एक गैरसमज मी जवळजवळ प्रत्येक बागेत ऐकतो. “हिरव्या त्रिकोणाचं आहे, माशीला काही होत नाही.” बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण माणसाला आणि सस्तन प्राण्यांना विष किती यावरून ठरतो. माशीशी त्याचा संबंध नाही. हे वाक्य आमच्या सूचनेच्या ग्रुपच्या वर्णनात कायमचं लिहून ठेवलंय.

निरोप आल्यावर काय करायचं

पहिलं काम म्हणजे फोन उचलून वेळ बदलता येते का विचारणं. दहापैकी सात-आठ वेळा येते, हा माझा अनुभव. सकाळची फवारणी संध्याकाळवर ढकलायला बागवाल्याचं फारसं काही जात नाही, उलट उन्हात औषध उडून जात नाही. सकाळी अंधारात मारतो म्हणणाऱ्यालाही संध्याकाळच सुचवा. पहाटे दव असतं, औषध लवकर वाळत नाही आणि साडेसातला माशी फुलावर हजर. बोलताना मात्र तक्रारीच्या सुरात सुरुवात करू नका. “मालक, माश्या तुमच्याच कळ्यांवर राबतात, सेटिंग तुमचीच वाढते,” इथून सुरू करा (सेटिंग म्हणजे फुलाचं फळ धरणं). एकरी दोन-तीन पेट्या ठेवायला जागा देणारा बागवाला हे ऐकून घेतो.

वेळ बदलत नसेल तर पेट्या बंद कराव्या लागतात, आणि इथं सोलापूरचं ऊन आड येतं. फेब्रुवारीच्या शेवटी दुपारी पारा पस्तिशीच्या पुढं जातो. दार बंद केलेली भरलेली मेलिफेराची पेटी दोन तासांत आतल्या आत उकडते. पिल्लांच्या कप्प्यात ३४-३५ अंश राखायला माश्या पंखांनी वारा घालतात, बाहेरून पाणी आणून शिंपडतात. दार बंद झालं की पाणीही बंद. म्हणून रात्रीच, सगळ्या माश्या आत आल्यावर, दाराला पत्रा न ठोकता जाळी लावा. वरचं झाकण काढून तिथंही जाळी, तिच्याखाली एक रिकामा मधकक्ष (पेटीचा मध साठवायचा वरचा मजला), म्हणजे माश्यांना वर चढून मोकळं बसायला जागा मिळते. वरून ओलं पोतं, आणि ते दर दीड-दोन तासांनी भिजवायला माणूस. एका दिवसापेक्षा जास्त कोंडू नका.

औषध अंगात भिनणारं असेल तर एक दिवस कोंडून उपयोग नाही, फुलात ते नंतरही असतं. अशा वेळी पेट्या हलवाव्याच लागतात, आणि चार-पाच किलोमीटरच्या पुढं. किलोमीटरभर हलवल्या तर चारा आणणाऱ्या माश्या ओळखीच्या वाटेनं जुन्याच जागी परत येतात आणि रिकाम्या स्टँडवर घोंगावत बसतात.

एवढं करूनही माश्या मेल्याच, तर भांडण्याआधी फोटो काढा. पेटीसमोर पांढरं धोतर किंवा चादर अंथरा, त्यावर मेलेल्या माश्या, शेजारी मोजायला पट्टी, आणि पेटीचा नंबर दिसेल असा एक फोटो. दोन-तीन मुठी ताज्या मेलेल्या माश्या कागदी पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. तपासणीची वेळ आली तर सडलेल्या माश्यांचा काही उपयोग होत नाही.

फुलोऱ्याची बातमी

फवारणीइतकीच कामाची बातमी म्हणजे कुठं काय फुललंय. आपल्याकडं ढोबळ वर्ष असं चालतं. पावसाळ्यात बाभूळ, मग बोर, दिवाळीच्या आसपास तूर, थंडीत रब्बी सूर्यफूल आणि करडई, डिसेंबरात ज्वारीचे निसवलेले पोटरे. ज्वारीत मध नाही, पण पराग भरपूर आणि पिल्लांना तो लागतोच. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात त्या दिवसांत माश्यांच्या पायांवर पिवळ्या गाठी दिसतात. जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बहाराला पहिलं पाणी सुटतं, त्यानंतर महिना-दीड महिन्यात डाळिंबाला कळी. कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट, शेवगा, मग कडुनिंब आणि करंज. उन्हाळा सरत आला की चिंच.

आणि ऊस. उजनी धरणाच्या पाण्यावर मैलोन्मैल हिरवं दिसतं, नवखा मधपाळ भुलतो. माशीच्या दृष्टीनं ते वाळवंट आहे. उन्हाळ्यात तर माश्या रसवंतीवर आणि गुऱ्हाळावर जातात आणि कढईत, बादलीत बुडून मरतात. ‘अमुक चौकातल्या रसवंतीवर माश्यांची गर्दी’ ही सुद्धा बातमी आहे. तिचा अर्थ जवळच्या पेट्यांना चारा संपलाय, साखरपाणी द्या.

पोळ्यावर माशी नाचून दिशा आणि अंतर सांगते, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये या संशोधनासाठी नोबेल मिळालं. पण नाचता नाचता ती आणलेल्या रसाचा थेंबही बाकीच्यांना चाखायला देते, ते कुणाच्या लक्षात राहत नाही. फुलोऱ्याच्या बातमीत आम्हाला तो थेंब हवा असतो. ‘करडई जोरात फुललीय’ यात काही नाही. ‘बार्शी रस्त्यावर करडई निम्मी फुललीय, दोन पेट्या तीन दिवस ठेवल्या, वजन चार किलोनं वाढलं’ यात थेंब आहे. वजनकाट्यावर कायम ठेवलेली एक पेटी असेल तर तिचा रोज संध्याकाळचा आकडा टाका, शब्दांची गरजच नाही.

जागेबाबत एक सावधगिरी. मोठ्या ग्रुपवर पेट्यांचं नेमकं ठिकाण टाकू नका. पेट्या चोरीला जातात, आणि चोर बहुतेक वेळा पेट्यांची किंमत माहीत असलेलाच असतो. ओळखीच्या मधपाळाला यायचं असेल तर त्याला एकट्याला लाइव्ह लोकेशन पाठवा, तासाभराचं पुरतं. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर कॅमेऱ्यानं नोंदवलेलं ठिकाणही त्याच्यासोबत जाऊ शकतं, हे लक्षात असू द्या.

रोगाचा फोटो: इथं थोडं थांबा

‘माझ्या पेटीला काय झालंय बघा’ असं लिहून पाठवलेल्या फोटोंपैकी निम्म्यांत चौकट (पेटीतली पोळं बांधलेली लाकडी चौकट) धरलेला हात आणि आकाश असतं. सांगणारा तज्ज्ञ कितीही मोठा असला तरी त्यावरून काही सांगू शकत नाही.

चौकट बाहेर काढा. माश्या हलक्या हातानं झटका, पण राणी त्या चौकटीवर नाही ना ते आधी बघा. सूर्य तुमच्या पाठीमागं, खांद्यावरून ऊन पोळ्यातल्या घरांच्या तळापर्यंत पोचेल अशी चौकट तिरपी धरा. एक फोटो पूर्ण चौकटीचा, मग वीतभर अंतरावरून, मग शक्य तितक्या जवळून पाच-सहा घरांचा. ऊन कडक असेल तर झटपट उरका, उघडी पिल्लं वाळतात. व्हॉट्सॲप साधा फोटो दाबून बारीक करतं, म्हणून एचडी पर्याय घ्या किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आता काय बघायचं. निरोगी अळी मोत्यासारखी पांढरी, घराच्या तळाशी इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली असते. सातेरीत थायी सॅकब्रूड हा अळ्यांचा विषाणूचा रोग झाला असेल तर मोठी झालेली अळी घरात सरळ ताठ, डोकं वर, होडीच्या टोकासारखं उचललेलं दिसतं. काडेपेटीच्या काडीनं ती हळूच ओढली की पाण्याच्या पिशवीसारखी अख्खी बाहेर येते. त्या लोंबत्या पिशवीचा फोटो हाच सगळ्यात बोलका. या विषाणूनं १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुसंख्य वसाहती संपवल्या होत्या, त्यामुळं असा फोटो आला की तो ग्रुप चेष्टामस्करी थांबवतो. काडी तिथंच जाळून टाका आणि हात न धुता दुसरी पेटी उघडू नका.

फोटोखाली चार गोष्टी लिहा: माशी कुठल्या जातीची, पेट्या किती आणि त्यातल्या किती आजारी, कधीपासून, आणि साखरपाणी किंवा औषध काही दिलंय का. एवढं असलं तर पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारताना तुमचे दोन फोन वाचतात. ग्रुपमधल्या पहिल्या उत्तरावर मात्र औषध टाकू नका. “मी तर अमुक पावडर टाकतो,” असं सांगणारा एकजण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. आमच्याकडचा तो बराच काळ मीच होतो.

फॉरवर्ड

दर २० मे ला, जागतिक मधमाशी दिनाला, आइन्स्टाइनचा फोटो येतो: मधमाश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपेल. आइन्स्टाइन असं म्हणाल्याचा पुरावा कुठंही सापडलेला नाही. भात, गहू, ज्वारी वाऱ्यावर किंवा स्वतःच फळतात, माश्या नसल्या तरी भाकरी मिळेल. डाळिंब, सूर्यफूल, कांद्याचं बी यांचे मात्र हाल होतील. खरी गोष्ट पुरेशी काळजीची असताना खोटी कशाला पसरवायची?

मोबाईल टॉवरमुळं माश्या मरतात, हाही एक नित्याचा फॉरवर्ड. त्यावर वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही. टॉवर मला हलवता येत नाही, फवारणीची वेळ हलवता येते.

मधाच्या शुद्धतेच्या चाचण्या तर दर आठवड्याला येतात. पाण्यात टाकून बघा, काडी पेटवून बघा, कुत्रा खातो का बघा, अंगठ्यावर थेंब ठेवा. यातल्या एकाही चाचणीनं भेसळ कळत नाही. दाट पाक या सगळ्या चाचण्या सहज पास होतो, आणि पावसाळ्यात काढलेला थोडा पातळ, पण शंभर टक्के खरा मध नापास होतो. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं डिसेंबर २०२० मध्ये दाखवून दिलं होतं की खास बनवलेले साखरेचे पाक नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांनाही चकवतात. मग काडेपेटीची काय कथा?

थिजलेला मध म्हणजे साखर घातलेला, हा सगळ्यात नुकसानकारक गैरसमज, कारण तो आपल्याच मालाला बट्टा लावतो. सूर्यफुलाचा मध ग्लुकोज जास्त असल्यानं काही आठवड्यांत साजूक तुपासारखा रवाळ होतो. मी आता अशा बरणीचा फोटो स्वतःच आधी टाकतो, खाली लिहून: ‘थिजणारच. कोमट पाण्यात बरणी ठेवा, गॅसवर नको.’ त्यानंतर बरण्या परत येण्याचं बंद झालं.

अनुदानाचे निरोप वेगळे हाताळा. खादी व ग्रामोद्योग मंडळाची मध केंद्र योजना खरी आहे, तिचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. राष्ट्रीय मधमाशीपालन आणि मध अभियान खरं आहे, मधपाळांच्या नोंदणीसाठी २०२१ मध्ये सुरू झालेलं मधुक्रांती पोर्टलही खरं आहे. त्यांच्या नावानं फिरणारे सगळे दुवे मात्र खरे नाहीत, आणि वर्तमानपत्राचं कात्रण तारखेची पट्टी कापून दरवर्षी नव्यानं फिरतं. नियम साधा ठेवा. कात्रणावर वर्ष नसेल तर पुढं पाठवायचं नाही, आणि दुव्यावर आधार क्रमांक किंवा ओटीपी मागितला तर आधी तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारायचं. निरोपावर दोन बाणांची खूण, म्हणजे तो अनेक वेळा फिरून आलेला. तिथं शंका दुप्पट करा.

आग्या मोहोळ उठलं तर

हा निरोप वेगळा, त्याला चर्चा नाही. आधी फोन, मग ग्रुप. ‘कुठं, किती जणांना, रस्ता कोणता टाळायचा’ एवढंच लिहा. डंख लागलेल्याला लांब न्या, नांगी नखानं किंवा कार्डानं लगेच खरवडून काढा. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली तर १०८ ला फोन करा आणि थेट दवाखाना गाठा, घरगुती उपाय विचारत ग्रुपवर बसू नका. एका नांगीचा वास बाकीच्या माश्यांना तिथंच बोलावतो. त्या वासातला मुख्य घटक पिकलेल्या केळ्याच्या वासातही असतो, म्हणून पेट्यांवर काम करताना केळं खायचं नाही हा जुन्या लोकांचा सल्ला अगदी बरोबर आहे. व्हिडिओ काढायला जवळ जाणाऱ्यांना आवरा. आणि कुणी ‘जाळून टाका’ लिहिलं तर ते काढून टाका.

मध विकायचा निरोप

गप्पांच्या ग्रुपवरच, आठवड्यातून एकदा. फूल कोणतं, काढणी कधी, गाव, भाव, आणि लेबलवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा क्रमांक. ‘औषधी’, ‘मधुमेहाला चालतो’ असलं काही लिहू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, हे मात्र प्रत्येक वेळी लिहा. आपल्याकडं बाळाला मध चाटवायची रीत आहे आणि त्यातून क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते.

रद्द झालं तेही कळवा

हे आम्ही सगळ्यात शेवटी शिकलो. गेल्या हंगामात एका बुधवारी रात्री निरोप आला, सकाळी फवारणी, वेळ बदलणं जमणार नाही. मी आणि मुलगा रात्री अकरापर्यंत बॅटरीच्या उजेडात जाळ्या लावत होतो. सकाळी पोती भिजवली, नऊला पुन्हा, साडेदहाला पुन्हा. साडेअकरापर्यंत ब्लोअरचा आवाजच नाही. फोन केला तर कळलं, मजूर आले नाहीत, फवारणी सकाळीच रद्द झालेली. माश्या मात्र कोंडून अर्ध्या दिवसाला मुकल्या, तेही ऐन डाळिंबाच्या फुलात.

तेव्हापासून सूचनेच्या ग्रुपवर प्रत्येक निरोपाला शेवट असतो. फवारणी झाली की ‘झाली’ आणि किती वाजता, नाही झाली की ‘रद्द’. तो शेवट येईपर्यंत निरोप पाठवणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. महिन्यातून एकदा आमच्यातला एकजण हे सगळे निरोप वहीत उतरवतो: तारीख, रान, औषध, वेळ, माश्या मेल्या की नाही. दोन बहारांच्या नोंदी झाल्यावर कुठल्या बागेजवळ पेट्या ठेवायच्या नाहीत ते कुणाशी न भांडता कळतं.

परवा रात्री साडेदहाला सायकलची घंटी वाजली. ब्लोअरवाल्याचा बोललेला निरोप होता, मागं वाऱ्याचा आवाज आणि कुत्र्याचं भुंकणं. “आण्णा, वारं लई सुटलंय. सकाळचं मारत नाही, गुरुवारी सांजच्याला बघू. जाळ्या लावल्या असशीला तर काढून टाका.”

लावल्या होत्या. बॅटरी घेऊन मी परत रानात गेलो.